हिरामणच्या डोक्यातला कारखाना

आपलं सॉफ्टवेअर कोण घेतं, याबद्दल सोनिया लालवानीचं मत पक्कं ठरलेलं होतं. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या तिच्या माळ्यावरच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. ज्यांच्याकडे नुसता गोंधळ आहे ते घेत नाहीत, त्यांना गोंधळातून मान वर काढायला फुरसत कुठे. मोठ्या कंपन्याही घेत नाहीत, त्यांच्याकडे पगारी इंजिनिअर असतात. घेतो तो मधला. ज्याचा धंदा कुणा एका जुन्या माणसाच्या डोक्यात अडकून बसलाय आणि ज्याला त्या माणसाची आता भीती वाटायला लागलीय, तो. "पहिल्या मीटिंगमध्ये एकच विचारायचं," सोनिया सांगायची. "साहेब, आपके यहाँ कोण सुट्टीवर गेलं की काम थांबतं? जो नाम आएगा ना, समज आपली सिस्टिम त्याच्यावरच उभी राहणार."

तेजस्वी तिथे नोकरीला लागली तेव्हा तिला हे आधी गमतीचं वाटलं होतं. मग ती गिऱ्हाइकांकडे हिंडू लागली आणि सोनिया बरोबर बोलते हे तिला पटत गेलं. शाळेचे गणवेश शिवणारा, लग्नाचं जेवण पुरवणारा, रक्त तपासणारी लॅब, लिफ्टची देखभाल करणारा, सगळे तसलेच. प्रश्न विचारला की मालक कुणाचं तरी नाव घ्यायचा आणि ते घेताना त्याचं तोंड जरा आंबट व्हायचं. पुढचं काम सोपं होतं. या सॉफ्टवेअरमध्ये कोड असा लिहावा लागत नाही. स्क्रीनवर चौकोन ओढून ठेवायचे आणि त्यांना बाण जोडायचे. ऑर्डर आली की या चौकोनात, माल तयार झाला की त्या चौकोनात, मध्ये कुणाची मंजुरी लागत असेल तर त्या चौकोनात त्याचं नाव. कॉमर्सची पदवी घेतलेली, बदलापूरला कात्रपच्या फ्लॅटमध्ये आईबरोबर राहणारी तेजस्वीसारखी मुलगीसुद्धा कारखान्याचा अख्खा कारभार असा मांडून देऊ शकते. अवघड काय ते त्या जुन्या माणसाला बोलतं करणं.

लिफ्टवाल्याकडे तो जुना माणूस म्हणजे जनी. ती तक्रारींचे फोन घ्यायची आणि कुठल्या इमारतीत कुठला मेकॅनिक पाठवला तर सेक्रेटरी भांडत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. सिस्टिम सुरू झाल्यानंतर काही महिन्यांनी तेजस्वी तिथे गेली, तेव्हा जनी दिसली नाही. तिची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर पाण्याचा जार होता. तेजस्वीने विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, एवढी अक्कल तिला होती.

मग एक दिवस अंबरनाथच्या एमआयडीसीतून फोन आला. रबराचे सील आणि वायसर बनवणारा कारखाना. मालक पुष्कर, जुने मालक बाळसाहेब वारल्यावर त्यांच्या खुर्चीत बसलेला त्यांचा मुलगा. "तुझं नाव घेऊन मागितलंय," सोनिया म्हणाली. "मी आपल्या ऑफिसातल्या समर्थला पाठवते म्हटलं, तर समर्थ नको, तेजस्वी मॅडमच पाहिजे, ऐसा बोला. हे जमव, फिर पूरा अंबरनाथ तुझ्याकडे." तेजस्वीने कारखान्याचं नाव दोनदा विचारून घेतलं. तिचा सख्खा मामा हिरामण त्याच कारखान्यात होता, आणि कोण सुट्टीवर गेलं की तिथलं काम थांबतं हे तिला न विचारताच माहीत होतं.

हिरामणचा हुद्दा सुपरवायझरचा, पण त्या कारखान्यात पान हलायचं ते त्याला विचारून. कुठला साचा कुठल्या प्रेसवर, म्हणजे रबर तापवून दाबणाऱ्या मशीनवर चढवायचा, कुठल्या गिऱ्हाइकाला आज माल द्यायचा आणि कुणाला गोड बोलून परवावर ढकलायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. आणि हे आपल्या डोक्यात आहे याचा त्याला कोण अभिमान. मिशीला पीळ देऊन तो नातेवाइकांत सांगायचा की त्याने कॉम्प्युटरवाल्यांच्या दोन टोळ्या पळवून लावल्या. पहिल्यांना त्याने सगळं उलटं सांगितलं, आणि त्यांची सिस्टिम सुरू झाली त्याच आठवड्यात नाशिकचा माल पुण्याला जाऊन पडला. दुसऱ्यांना काहीच सांगितलं नाही, नुसता चहा पाजत राहिला, शेवटी तेच कंटाळले. हा किस्सा त्याने स्वतःच्या मुलीच्या हळदीत सांगितला तेव्हा पुष्कर मांडवात बसला होता. त्याच्याच समोर मामाने तेजस्वीला पुढे ओढून म्हटलं होतं, "आमची तेजू पन हेच करते, शेठ. पन ती आपल्या घरची." पुष्कर हसला होता. तो काय ऐकून हसला हे मामाला कळलं नाही आणि तेव्हा तेजस्वीलाही नाही.

ती नाही म्हणू शकली असती. समर्थला पाठवलं असतं तर मामाने त्यालाही चहा पाजून वाटेला लावलं असतं आणि मामाची नोकरी निवृत्तीपर्यंत सुखरूप राहिली असती. पण तिला ते काम हवं होतं. उगाच तिची बाजू घेण्यात अर्थ नाही. अख्खं अंबरनाथ आपल्या हाताखाली, सोनियाच्या शेजारची केबिन आपली, हे तिला दिसत होतं आणि ते चांगलं दिसत होतं.

पुष्कर बोलायला अगदी मऊ होता. "हिरामणकाकांना काढायचं वगैरे काही मनात आणू नका, मॅडम," तो म्हणाला. "सिस्टिम तेच सांभाळणार. उद्या त्यांची तब्येत बिघडली तर आम्ही काय करायचं, एवढाच विचार. त्यांच्याही डोक्याचा ताण कमी होईल." तेजस्वीने त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं. जनीची खुर्ची तिला आठवली, नाही असं नाही. तिने ती आठवण बाजूला सारली आणि करारावर प्रोजेक्ट प्रमुख म्हणून सही केली.

मामाला मात्र आभाळ ठेंगणं झालं. भाची आपल्या कारखान्यात येणार म्हणून त्याने मिशी काळी करून घेतली. तिला हाताला धरून त्याने सगळा कारखाना फिरवला, प्रत्येक प्रेसवरच्या माणसाला सांगितलं, "ही माझी भाची, लॅपटॉपवाली." आणि मग स्टोअरच्या बाजूला स्टूल टाकून तो बोलायला बसला, आणि जे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं ते सगळं तिच्या ओंजळीत घालू लागला.

"दोन नंबरचा प्रेस डाव्या अंगानं उशिरा तापतो. सकाळी त्याच्यावर पातळ रिंगा लावायच्या नाय, जाड माल लावायचा. लिहिलं?"

"लिहिलं, मामा."

"पुण्याचा पार्टी लय बोंबलतो, पन थांबतो. नाशिकवाला बोंबलत नाय. एकदा उशीर झाला का गपगुमान दुसरीकडं जातो. त्याला कधी रखडवायचा नाय. हे तर शेठला पन ठाव नाय."

कालवलेलं रबर कुठल्या हवेत किती मुरू द्यायचं, कुठल्या दोघांना एका पाळीत ठेवलं की मारामारी होते, कुठला साचा वरून बरा दिसतो पण आतून झिजलाय, असं रोज नवं काहीतरी. तेजस्वी चौकोन ओढत होती, बाण जोडत होती, आणि जिथे जिथे निर्णय घ्यायचा तिथे मामाचं नाव घालत होती. स्क्रीनवर सगळीकडे हिरामण, हिरामण झालेलं पाहून तो खूश व्हायचा. दुपारी मामीने पाठवलेली तांदळाची भाकरी आणि सुकट दोघं एका डब्यातून खायचे. तेजस्वी नंतर कधीही ते दिवस आठवायची तेव्हा तिला आधी आठवायचं ते हेच, की ती तिथे सुखात होती.

एकदा मात्र त्याने हात पुसता पुसता विचारलं, "तेजू, हे समदं तू घेतलंस, ते ऱ्हानार कुठं?"

"सर्व्हरवर, मामा."

"ते नाय गो. म्हंजे कुनाजवळ? तुझ्याजवळच ना? म्हंजे मी शेठला दिला असं तर नाय ना झाला? तू आपली हायस म्हनून सांगतो मी."

त्या क्षणी सिस्टिमची चावी, म्हणजे तिचा मुख्य पासवर्ड, तेजस्वीकडेच होती. काम चालू असेपर्यंत ती तिच्याकडेच असते आणि काम संपलं की मालकाच्या हवाली करायची असते. करारात तसं लिहिलेलं होतं आणि तो करार तिच्या बॅगेतच होता. खरं सांगितलं असतं तर मामा तिथेच उठला असता, हात झटकले असते आणि तिसरी टोळी पळवल्याचा किस्सा पुढच्या हळदीत सांगितला असता. तेजस्वीने डब्यातला घास तोंडात घातला.

"माझ्याजवळच राहणार," ती म्हणाली.

मामाने मान हलवली आणि झिजलेल्या साच्यांची माहिती पुढे सुरू केली. माल नातलगाच्या घरी ठेवला म्हणजे तो घरातच राहिला, असं त्याच्या पिढ्यांनी मानलं होतं. भात असो, भांडी असोत, बहिणीकडे ठेवलेली चीज कधी परकी झाली नव्हती. कारखान्याचं गुपितही तो तसंच ठेवत होता, आणि ठेवताना त्याने झाकण लावलं की नाही हेसुद्धा पाहिलं नाही.

सिस्टिम सुरू झाली आणि चांगली चालली. अगदी नको तितकी चांगली. मामाला ऑर्डरसाठी ओरडावं लागेना, फोनवर सगळं दिसायचं, अंगठा लावला की मंजूर. पुष्करच त्याला म्हणाला, "काका, किती वर्षांत तुम्ही रजा घेतली नाही. काकूंना घेऊन कुठे तरी जाऊन या." आणि हिरामण खरंच गेला. कौसाबाईला, आपल्या बायकोला घेऊन कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेला, तिथून पुढे तिच्या माहेरी. लग्न झाल्यापासून नवऱ्याने रजा घेतलेली मामीने पहिल्यांदा पाहिली. तिने तेजस्वीला फोन केला आणि दृष्ट काढावी तसं तिचं कौतुक केलं.

ते दोघे तिकडे असतानाच पुष्करने तेजस्वीला बोलावून घेतलं. खालून प्रेसचे दणके ऐकू येत होते, नेहमीसारखे. "ऐकताय ना?" तो म्हणाला. "काका नाहीत आणि काम थांबलं नाही. बाबांच्या काळापासून असं कधी झालं नव्हतं. तुम्ही फार मोठं काम केलंत, मॅडम." मग त्याने तितक्याच मऊपणे सांगितलं की मंजुरीच्या चौकोनांत आता काकांच्या जागी त्याचं नाव घालायचं आणि सिस्टिमची चावी आजच त्याच्या हवाली करायची.

"तुम्ही म्हणाला होतात की मामाच सांभाळणार."

"तेव्हा मला वाटलं नव्हतं की ती इतकी सोपी होईल," पुष्कर म्हणाला. बहुधा हे तो खरं बोलत होता.

तेजस्वी जिन्यात जाऊन सोनियाशी फोनवर बोलली. सोनिया काही दुष्ट नव्हती. "कारखाना त्याचा, डेटा त्याचा. तू नाही केलं तर मला करावं लागेल," ती म्हणाली. "देख, मी तुला आधीच विचारायला पाहिजे होतं, मामा है तो कर पाएगी क्या. मी नाही विचारलं, आणि तू पण बोलली नाहीस." तेजस्वीने फोन ठेवला. ती वर आली, लॅपटॉप उघडला आणि एकेका चौकोनातून मामाचं नाव काढत गेली. फार वेळ लागला नाही. कुणालाही पटकन बदल करता येतात, ही तर या सॉफ्टवेअरची तारीफ ती स्वतःच गिऱ्हाइकांना ऐकवायची.

हिरामण रजेवरून आला तो शेठसाठी प्रसादाची पुडी घेऊन. पुष्करने ती कपाळाला लावली, मग सगळ्या कामगारांना जमवून काकांना शाल-श्रीफळ दिलं आणि त्यांच्या सेवेबद्दल चार शब्द बोलला. आपला सत्कार कशाबद्दल चाललाय हे हिरामणला टाळ्या संपत आल्या तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी त्याने तेजस्वीला घरी बोलावलं. शिव्या खायची तयारी करूनच ती गेली. पण मामा ओटीवर मजेत बसला होता. आळीतल्या चार जणांना त्याने सांगूनही ठेवलं होतं की भाची आली की शेठची खोड मोडते बघा. मामीने चहा आणला. "ये," मामा म्हणाला. "आता एक काम कर. बंद कर ते."

"काय बंद करू?"

"तुझी सिस्टिम. दोन दिवस बंद ठेव. प्रेसवर काय चढवायचा ते कलनार नाय त्याला, आपसूक घरी येईल मला न्यायला. मग मी सांगेन तवा चालू कर."

"माझ्या हातात नाही ते, मामा."

"तुझ्याच जवळ हाय ना? तू बोललेलीस."

"आता नाही. त्यांच्याकडे दिलं."

"जबरदस्तीनं घेतला?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. हो म्हटलं असतं तर मामाने पुष्करला शिव्या घातल्या असत्या आणि तिला जवळ घेतलं असतं. तिला ते फार हवंसं वाटलं. पण समोर मामी उभी होती, आणि मामीला चेहरा वाचता यायचा.

"नाही," तेजस्वी म्हणाली. "ते पहिल्या दिवसापासून त्यांचंच होतं. करारच तसा होता."

मामाने हातातला कप खाली ठेवला. त्याला राग आला नव्हता, त्याला हिशेबच लागत नव्हता. "असा कसा त्याचा?" तो म्हणाला. "मी त्याला कुठं काय सांगितला? मी तर तुला सांगितला."

तो तिच्याकडे जरा पुढे सरकला.

"तुला ठाव होतं? मी तुला डबा खाताना विचारला तवा?"

"हो."

कौसाबाईने तेजस्वीच्या पुढ्यातला भरलेला कप उचलला आणि ती आत निघून गेली. मामा रस्त्याकडे तोंड करून बसला. तेजस्वीने चपला घातल्या आणि ती निघाली. घरी आल्यावर तिने हे आईला सांगितलं, आणि भावाची बाजू घ्यावी की मुलीची हे न कळून आई नुसती रडत बसली.

पुढे हिरामण काम शोधत हिंडला. अनुभव दांडगा, तब्येत धडधाकट, त्याला वाटलं होतं की एमआयडीसीत कुणीही हातोहात घेईल. पण पुष्करचं बघून शेजारच्या कारखान्यांनीही सिस्टिम बसवायला घेतली होती, आणि ठरल्याप्रमाणे अख्खं अंबरनाथ तेजस्वीकडे आलं होतं. मामा ज्या गेटवर जाऊन उभा राहायचा तिथून ती बहुतेक वेळा नुकतीच गेलेली असायची. प्लॅनिंगसाठी आता माणूस लागत नाही काका, एक मॅडम येऊन सगळं लावून गेल्या, असं त्याला वॉचमनसुद्धा सांगू लागले. ती मॅडम कोण हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. मामीकडून हे आईला कळायचं आणि आईकडून तेजस्वीला. अंबरनाथला तिने रिक्षा मागच्या रस्त्याने न्यायला सुरुवात केली.

आणि मग सोनियाच्या डोक्यात ती कल्पना आली. बदलापूरला गाद्या-उशांचा एक कारखाना होता, तिथली स्टोअर सांभाळणारी विठाबाई कुणाला दाद देत नव्हती. समर्थ हात हलवत परत आला, तेजस्वीलाही तिने काही सांगितलं नाही. "तुझ्या मामाला घेऊया आपण," सोनिया म्हणाली. "ही माणसं लॅपटॉपला घाबरतात. स्वतःसारख्या माणसाशी बोलतील. त्यांना पण काम मिळेल ना."

"मी नाही विचारणार त्याला."

"पूछ तो सही. नाही म्हणायचं असेल तर ते म्हणतील. तू का म्हणतेस?"

तेजस्वीने घरी जाऊन विचारायची हिंमत केली नाही, फोन केला. काम काय आहे ते तिने या वेळी नीट सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. त्या बाईचं पुढे काय होऊ शकतं, तेही सांगितलं. मनातून तिला वाटत होतं की मामाने शिवी द्यावी आणि फोन आपटावा. 

"कधीपासून यायचा?" हिरामणने विचारलं.

तो आला तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यात सोनियाने दिलेलं ओळखपत्र होतं. मिशी पांढरी झाली होती. रिक्षात तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. विठाबाई कापसाच्या गासड्यांमध्ये बसली होती. लॅपटॉप बघताच तिने तोंड फिरवलं आणि मला काय माहीत, शेठला विचारा, असं म्हणाली. हिरामणने एक गासडी ओढली आणि तिच्यासमोर बसला. ती गुडघ्यांना काय लावते ते विचारलं. कापूस नाकात जातो, त्याला गूळ खाते का ते विचारलं. आपण रबराच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलं हेही सांगितलं.

"मंग सोडलंत का, भाऊ?" विठाबाईने विचारलं.

"वय झाला," हिरामण म्हणाला. "आता हिच्यासंगं असतो. भाची हाय माझी."

"भाची होय," विठाबाई म्हणाली आणि तिचा चेहरा सैल पडला. तिने तेजस्वीला नीट पाहून घेतलं, बस म्हणाली. मग आवाज जरा खाली आणून तिने हिरामणला विचारलं, "हे समदं सांगितल्यानं माझं काय वाईट नाय ना व्हायाचं?"

तेजस्वी मामाकडे बघत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाय गो ताई," तो म्हणाला. "मी बसलोय ना इथं. तू मला सांग."

विठाबाईने पदराने घाम पुसला आणि कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला कापूस चालतो ते सांगायला सुरुवात केली. हिरामण पुढे वाकून मन लावून ऐकत होता.

"लिही," तो तेजस्वीला म्हणाला, आणि तिने लिहायला घेतलं.